ताटातल्या दोन पट्ट्या

“बाई, खंडेनवमीला एकही यंत्र वगळायचं नाही. ज्याच्या जिवावर आपण वर्षभर पगार घेतो, त्याच्या कपाळी त्या दिवशी कुंकू लागलंच पाहिजे.”

सव्वीस वर्षांपूर्वी स्टोअरच्या किल्ल्या हातात देताना आधीच्या भांडारपालांनी, गोपाळरावांनी, सांगितलेलं हे वाक्य अरुंधती भुसारींना नेमकं त्या शुक्रवारी दुपारी साडेबाराला आठवलं.

त्यांच्यासमोर कस्टमच्या अधिकारी काजल नंदेश्वर यंत्राच्या मागे गुडघे टेकून बसल्या होत्या. वय तिशीचं, कडक इस्त्रीचा कुडता, पण फरशीवर बसायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नव्हतं. मोबाइलच्या उजेडात त्यांनी यंत्राच्या पाठीवरची बोटभर ॲल्युमिनियमची पट्टी वाचली.

“शेवटचे आकडे चार, एक, सात.”

अरुंधतीबाईंच्या हातात डेडस्टॉक रजिस्टर, विभागाच्या सगळ्या वस्तूंची नोंदवही, उघडं होतं. तिथे त्यांच्याच अक्षरात पाच, सहा, दोन लिहिलेलं होतं.

“परत एकदा वाचता का, मॅडम?” त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच असा, की समोरच्याला कान पुढे करावा लागे.

“चार, एक, सात,” काजल नंदेश्वर म्हणाल्या. “तुम्हीच बघा.”

बाई वाकल्या. चार, एक, सात. पट्टीच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या खाचेत, लाल रंगाचा एक बारीक कण अडकलेला होता. तो त्या मॅडमला दिसला नसेल. दिसला तरी तो काय आहे हे उमगलं नसतं. बाईंना मात्र उमगलं.

उमरेड रोडवरच्या विद्यापीठाच्या त्या विभागात एवढं अवघडलेपण याआधी कधी आलं नव्हतं. गोष्ट साधी होती. हे यंत्र चार वर्षांपूर्वी जर्मनीहून आलं. पानांतले, मातीतले क्षार मोजणारं. संशोधनासाठी म्हणून सरकारने त्यावरचं आयात शुल्क माफ केलं होतं, आणि त्या बदल्यात विभागाने हमीपत्र लिहून दिलं होतं: यंत्र संशोधनासाठीच वापरू, पाच वर्षं विकणार नाही, हलवणार नाही, त्यात फेरबदल करणार नाही. आता दुसरं यंत्र आलं होतं, त्याहून नाजूक. ते नऊ दिवसांपासून विमानतळाच्या कार्गोत लाकडी खोक्यात पडून होतं. त्याला माफी द्यायची, तर आधी जुन्या हमीचं काय झालं ते बघायचं, म्हणून ही पडताळणी.

काजल मॅडमनी फाइल चाळली. एका कागदावर त्यांचं बोट थांबलं.

“चारशे सतरा नंबरचं यंत्र तुम्ही गेल्या फेब्रुवारीत भंगार म्हणून लिलावात काढलंय. हा तुमचाच कागद आहे ना?”

“हो,” विभागप्रमुख डॉ. विक्रम पांढरीपांडे म्हणाले. “जुनं यंत्र होतं, त्याच कंपनीचं. चौदा वर्षं चाललं.”

“मग जे भंगारात गेलं, ते इथं कसं उभं आहे? आणि पाचशे बासष्ट, जे इथं असायला हवं, ते कुठं गेलं?”

दाराशी संशोधक विद्यार्थिनी भावना गजभिये उभी होती. कार्गोतलं यंत्र तिच्या कामासाठी होतं. तिच्या हातातला थर्माकोलचा डबा तिने छातीशी धरला.

“मॅडम, हे उघडच नवं यंत्र आहे,” डॉ. पांढरीपांडे हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “कोणीही सांगेल.”

“मला दोन्ही करड्या पेट्याच दिसतात, सर. कागदावर असं दिसतंय की माफीचं यंत्र लिलावात गेलं आणि जुनं इथं ठेवलं. मी तसं म्हणत नाही. कागद म्हणतोय.”

“कंपनीचा इंजिनियर आतला नंबर काढून देईल ना.”

“कधी?”

“बंगळुरूहून यायला… वीसेक दिवस.”

“माझ्याकडे तेवढे नाहीत. नव्या यंत्राची फाइल सोमवारी वर जाते.” त्या उठल्या, गुडघे झटकले. अरुंधतीबाईंकडे पाहून जरा मऊ झाल्या. “पट्टी बदलली कशी, कोणी काढली, कधी, कशासाठी, हे मला लेखी द्या. पुरावा असेल तर जोडा. ज्याने काढली त्याची सही पाहिजे, विभागाचा गोल शिक्का नको. सोमवारी अकरापर्यंत माझ्या टेबलावर. नाहीतर माझा अहवाल जसा आहे तसा जाईल, आणि मग नवी माफी विसराच.”

अरुंधतीबाईंनी तोंड उघडलं. डॉ. पांढरीपांड्यांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. बाईंनी ते मिटलं.

*

कस्टमची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर पांढरीपांडे साहेब बाईंना घेऊन केबिनमध्ये शिरले आणि दार लोटलं.

“बोला, भुसारीबाई. तुमचा चेहरा मी वाचला मघाशी.”

बाईंनी सांगितलं. पूर्वी खंडेनवमीला यंत्रांच्या पाठीला तेल-कुंकू लागायचं. एका सूक्ष्मदर्शकाचा नंबर त्याने असा खाल्ला की ऑडिटवाल्याने दोन पानं झापलं. तेव्हा बाईंनीच तोड काढली होती. नवमीला सगळ्या यंत्रांच्या पट्ट्या स्क्रू काढून सोडवायच्या, तांब्याच्या ताटात मांडायच्या, त्यांना हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, पुसून परत लावायच्या. पट्टीला लागलं म्हणजे यंत्रालाच लागलं. यंत्राला तेलाचा थेंब नको, पाण्याचा शिंतोडा नको. काढघालीचं काम शिपाई देवाजी करायचा, एक यंत्र झाल्यावर दुसरं, हिशेबाने. दोन वर्षांपूर्वी मात्र देवाजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. “बाई, मले स्क्रूची खाच दिसून नाही राहिली,” म्हणाला. मग पट्ट्या बाईंनी स्वतः लावल्या. नऊ पट्ट्या. त्यातल्या दोन एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. गेल्या वर्षी देवाजीने जी पट्टी जिथून काढली तिथंच परत लावली, म्हणून चूक तशीच राहिली.

“लावताना नंबर नाही पाहिले?”

“आरतीला सगळे खोळंबले होते, सर. चुकलं माझं.”

“आणि लिलावाच्या वेळी?”

“यादी रजिस्टरवरून केली. यंत्राची पाठ नाही पाहिली.”

साहेब बराच वेळ बोटांनी टेबल वाजवत बसले. माणूस वाईट नव्हता. विभाग त्यानेच उभा केला होता, आणि जे उभं केलं ते पडताना बघवत नाही कोणालाच.

“म्हणजे खरी पट्टी भंगारासोबत गेली. ठीक. मग आपण एक करू. सीताबर्डीत नेमप्लेटवाला आहे, तासाभरात पट्टी कोरून देतो. पाचशे बासष्ट. लावायची, फोटो काढायचा, सांगायचं की रंगकामाच्या वेळी अदलाबदल झाली, आता सापडली.”

“खोटी पट्टी, सर?”

“यंत्र खरं आहे ना! पट्टी कशाची आहे ते कोण विचारतो? तुम्हाला कळतंय का, ‘पूजेत बदलली’ असं लिहून दिलं तर काय होईल? हमीपत्रात लिहिलंय, फेरबदल करणार नाही. पट्टी काढणं हाही फेरबदलच. चौकशी लागेल. तुमच्यावर. चौदा महिने राहिले तुमचे निवृत्तीला. चौकशी चालू असली की पेन्शनचा कागद हलत नाही, हे तुम्हाला मी सांगू?”

कागद हलत नाही म्हणजे काय, हे बाईंनी कोर्टात कारकून असलेल्या नवऱ्याच्या वेळी पाहिलं होतं. तो कागद हलला तेव्हा नवरा नव्हता.

बाहेर जिन्यापाशी भावना थांबलेली होती. तिने ऐकलं नसावं, पण दार पातळ होतं.

“मॅडम, खरंय का? पूजेत बदलली?”

“हो गं.”

भावना हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. “दर वर्षी मी त्या दिवशी बाजूला उभी राहते. मला वाटायचं, चला, यांची श्रद्धा आहे, आपलं काय जाते? आता कळलं काय जाते ते. माझं वर्ष जाते.”

तिने डबा उघडून दाखवला. बर्फावर संत्र्याच्या कोवळ्या फळांचे देठ होते, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. काटोलच्या बागांत अंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या, बहराची फळगळ सुरू झाली होती. झाडावरून फळ सुटतं तेव्हा देठात नेमकं काय घडतं, हे शोधायचं तिचं काम. तोडलेला देठ काही तासांच्या आत यंत्रात जायला हवा, आणि ते यंत्र खोक्यात बंद. फळगळ अजून दीड महिना. त्यानंतर पुढच्या श्रावणाची वाट, आणि फेलोशिप तर मार्चलाच संपणार.

“सकाळी पाचची बस पकडून मी हे आणते, मॅडम. माझे वडील संत्रा मार्केटात टेम्पो चालवतात. लोक त्यांना विचारतात, तुझी पोरगी देठ काहून गोळा करून राहिली गा? ते सांगतात, शोध लावून राहिली. आता काय सांगतील? एका ताटापायी राहिला शोध?”

ती भरभर जिना उतरून गेली. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पोरीचं एक अक्षरही खोटं नव्हतं.

*

शनिवारी सकाळी पोथीचा अध्याय वाचून, तुळशीला पाणी घालून बाई थेट देवाजीकडे गेल्या. देवाजी यंदाच मार्चअखेर निवृत्त झाला होता. दारात बाईंना पाहून तो लगबगीने उठला.

“या जी बाई! आज काय देव पावला?”

सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. मग टोपी शोधली. “ते यंत्र मीच टेम्पोत चढवलं होतं. कामठी रोडवरचा भैयाजी. चला, आत्ता जाऊ.”

भैयाजीचं भंगाराचं आवार म्हणजे फ्रिजचे सांगाडे, पंख्यांची पाती, तारांची भेंडोळी. पत्र्याच्या शेडखाली भैयाजी खुर्चीवर बसून चहा पीत होता.

“अरे बाप रे, युनिवर्सिटी की मॅडम! बसा, बसा. ए, खुर्ची आण रे.”

“फेब्रुवारीत नेलेलं करडं यंत्र,” बाई म्हणाल्या. “त्याच्या पाठीला एक पट्टी होती.”

“काय?” भैयाजीने कान पुढे केला.

“पट्टी, पट्टी!” देवाजी ओरडला. “नंबराची! ॲल्युमिनियमची!”

“हां हां. वो तो उसी हफ्ते खोल दिया, मॅडम. मोटर अलग, तांबा अलग, काच अलग. ॲल्युमिनियम का तो ढेर लगता है, महिने में एक बार भट्टीवाला ले जाता है. वो तो गल गया होगा. आता कोणाच्या घरात पातेलं बनून डाळ शिजवत असंल.” तो स्वतःच हसला, मग बाईंचा चेहरा पाहून गप्प झाला. “बहुत जरूरी था क्या?”

“तरी शेडच्या कोपऱ्यातला ढीग पाहू दिलात तर बरं,” बाई म्हणाल्या. पदर खोचून त्या बसल्या. देवाजी एका बाजूने, त्या दुसऱ्या बाजूने. खिडक्यांच्या पट्ट्या, दाबलेली पातेली, सायकलींची मडगार्डं. दुपारचे तीन वाजले. बाईंचा शनिवारही उपासाचा. सकाळचं दूध सोडलं तर पोटात काही नव्हतं. बोटाला पत्रा लागून रक्त आलं, तेव्हा देवाजीने त्यांचा हातच धरला.

“बस झालं जी. नाही भेटत आता.”

चहाच्या टपरीवर त्याने त्यांच्यासाठी केळी आणली. स्वतः चहात बिस्किट बुडवत तो म्हणाला, “बाई, एक बोलू? माझं नाव टाका.”

“कशावर?”

“त्या कागदावर. देवाजीनं पट्ट्या काढल्या, देवाजीनं लावल्या, देवाजीचे डोळे गेले होते. झालं! माझं पेन्शन सुरू झालं, मले आता कोन काय करते?”

“तू लावल्याच नाहीस रे.”

“पन लोकाईले तेच खरं वाटन. साहेबाचा पन फोन आला होता मले सकाळी. म्हने, देवाजी, गरज पडली तर सही देशील का? मी म्हटलं, देतो.”

बाईंच्या हातातलं केळं तसंच राहिलं. साहेब इतक्या लवकर इथवर पोचले होते. आणि हा भला माणूस सही द्यायला इतका सहज तयार होता, की नाही म्हणणं हाच जणू त्याचा अपमान. एक क्षण, फक्त एकच क्षण, त्यांच्या मनात आलं, का नाही? कोणाचं काय बिघडतंय? मुलीचं यंत्र सुटतं, साहेबांचा विभाग वाचतो, देवाजीला काही होत नाही, माझे चौदा महिने सरतात.

त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली. त्या उठल्या.

“देवाजी, तू कशावरही सही करायची नाहीस. माझी शपथ आहे तुला.”

“शपथ काहून घालता जी…”

“घातली,” बाई म्हणाल्या.

*

दिवेलागणीच्या आत घर गाठायची त्यांची धडपड असे. गेली अकरा वर्षं त्यांचा चातुर्मासाचा नेम होता: देवापाशी दिवा लागला की मौन, ते दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत. शेजारपाजारला ठाऊक, विभागात ठाऊक, पुण्याच्या मुलालाही ठाऊक. तो या चार महिन्यांत फोन सकाळीच करी.

रविवारी सकाळी पूजा आटोपून त्या उठतात, तोच बेल वाजली. दारात भावना. केस विस्कटलेले, हातात मोबाइल.

“मॅडम, शुक्रवारी मी जास्तच बोलली.”

“आत ये आधी. उभ्या उभ्या काय.”

“नाही, आधी हे बघा.” तिने मोबाइल पुढे केला. “मी पूजेत नसते ना. मग बाजूला उभी राहून फोटो काढते. विभागाच्या ग्रुपवर टाकायला. दोन वर्षांपूर्वीचे शोधून काढले.”

पडद्यावर तांब्याचं ताट होतं. त्यात नऊ पट्ट्या ओळीने मांडलेल्या, झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाचे ठिपके. भावनाने दोन बोटांनी फोटो मोठा केला. शेजारी शेजारी दोन सारख्या पट्ट्या. एकीवर चारशे सतरा, दुसरीवर पाचशे बासष्ट. दोन्ही स्वच्छ वाचता येत होत्या. फोटोवर तारीख होती, वेळही होती.

बाईंनी दोन्ही नंबर पुन्हा एकदा वाचले.

“आणखी एक आहे,” भावना म्हणाली, पण या वेळी तिने मोबाइल लगेच पुढे केला नाही. “हा दाखवू का नको, असं झालं मला.”

त्या फोटोत जुनं यंत्र होतं, खिडकीजवळचं, बाजूला पितळी मूठ असलेलं; नव्या यंत्राला तशी मूठ नव्हती. त्याच्या पाठीला पाचशे बासष्टची पट्टी बसत होती. स्क्रू फिरवणारा हात मनगटापर्यंत स्पष्ट दिसत होता. सोन्याची एक पाटली, अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. आणि कडेला, थोडासा धूसर, अरुंधतीबाईंचा चेहरा, जीभ दातांत धरलेला.

“याच्यानं सगळं सिद्ध होते, मॅडम. कोणतं यंत्र, कोणती पट्टी, सगळं. पण यात तुम्ही पण दिसता. मी हा फोटो दिला तर माझं यंत्र सुटते आणि तुम्ही अडकता. आणि नाही दिला तर…” ती थांबली. “मी काय करू, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तर डिलीट करते. खरंच करते.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पहाटे पाचच्या बसने देठ आणणारी पोर, आणि आपलं वर्ष हाताने पुसून टाकायला निघाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वेडी आहेस का? डिलीट करायचं नाही. मला पाठव. दोन्ही.”

“पण तुमचं…”

“हे बघ, भावना. चूक माझी, तर हातही माझाच दिसायला हवा. उद्या अकराच्या आत हे दोन्ही फोटो आणि माझ्या सहीचा कागद नंदेश्वर मॅडमच्या टेबलावर असेल. मी स्वतः नेऊन देईन. शब्द देते तुला.”

भावनाने वाकून बाईंच्या पायाला हात लावला. बाईंनी दोन्ही खांद्यांना धरून तिला उठवलं, आणि शिऱ्याची वाटी हातात ठेवून मगच जाऊ दिलं.

*

दुपारी बाईंनी कागद लिहिला. कच्चा, मग पक्का. ‘मी, अरुंधती यशवंत भुसारी, भांडारपाल, लिहून देते की’ इथपासून सुरुवात केली. पूजेचा भाग लिहिताना पेन अडखळलं. लोक हसतील. कस्टमच्या ऑफिसात तो कागद टेबलावरून टेबलावर फिरेल, आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी हसेल. देवाचं हसं होईल आपल्यामुळे. मग त्यांना वाटलं, देवाचं हसं खोट्याने होईल, खऱ्याने कशाला? त्यांनी ‘खंडेनवमीच्या पूजेसाठी’ असं पूर्ण, ठळक लिहिलं. दोन्ही फोटो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणले, आणि रीतीप्रमाणे कागदाची आणि फोटोंची एक प्रत साहेबांना मोबाइलवर पाठवली. त्यांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं.

संध्याकाळी दिवा लागला. बाई वाती वळायला बसल्या, आणि फोन वाजला. साहेब. एरवी त्यांनी उचललाच नसता. पण साहेबांना आपण कागद पाठवलेला. न उचलणं म्हणजे लपल्यासारखं. त्यांनी फोन कानाला लावला.

“तुमचं मौन सुरू झालं असणार, मला माहीत आहे,” साहेबांचा आवाज आला. “बरंच झालं. तुम्ही फक्त ऐका. फोटो उत्तम आहेत. सुटलो आपण. फक्त दुसरा फोटो आपण थोडा कापू. यंत्र आणि पट्टी दिसली की पुरे, हात कशाला पाहिजे? आणि कागदावर देवाजीचं नाव. तो तयार आहे, माझं बोलणं झालंय. मी सकाळी साडेनऊला मजकूर तयार ठेवतो, त्याला बोलावून घेतो.”

बाईंच्या बोटांतली वात अर्धवट राहिली.

“तुमच्यासाठीच सांगतोय, बाई. मला काय, मी प्रोफेसर आहे, मला कोणी हात लावत नाही. पण तुमची चौकशी लागली तर मी थांबवू शकणार नाही. तुमच्यासारख्या सरळ बाईचं असं व्हावं, हे मला बघवणार नाही. पटतंय ना?”

देवापाशी दिव्याची ज्योत स्थिर होती. अकरा चातुर्मास. ताप असताना, मुलाच्या अपघाताचा निरोप आला तेव्हा, शेजारच्या काकू गेल्या तेव्हासुद्धा त्यांनी कागदावर लिहून भागवलं होतं.

“गप्प आहात, म्हणजे होकार धरतो,” साहेब म्हणाले. “ठेवू?”

बाईंनी वात ताटलीत ठेवली.

“नाही, सर.”

मग साहेब जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, “बाई? तुम्ही बोललात?”

“हो. होकार धरू नका. देवाजीला बोलवू नका. फोटो कापायचा नाही. मी उद्या परस्पर तिकडेच जाते आहे, अर्ध्या दिवसाची रजा लावा माझी.”

आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण या वेळी पलीकडच्याला कान पुढे करावा लागला नसावा. शेवटी साहेब म्हणाले, “पावसाचं चिन्ह आहे. कागद प्लास्टिकमध्ये ठेवा,” आणि फोन ठेवला.

बाई देवापुढे बसून राहिल्या. नेम मोडला होता. त्यांनी हात जोडले. ताटलीतली अर्धवट वात उचलली आणि उरलेल्या वळून पूर्ण केल्या.

*

सोमवारी त्या रोजच्याहून अर्धा तास लवकर उठल्या. श्रावणी सोमवार, शंकराला बेल वाहिला, अध्याय वाचला, फराळाचं काही केलं नाही. उपास कडकच धरायचा, असं ठरवलं होतं. कागद आणि दोन्ही फोटो त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घातले. निघताना कागद एकदा बाहेर काढून सही पाहिली. नीट होती. परत आत ठेवला.

हातात पाटली होती. ती काढून ठेवावी, असं क्षणभर मनात आलं. फोटोतल्या हाताशी कोणी ताडून पाहायला नको. मग त्या स्वतःशीच ओशाळल्या, आणि पाटली तशीच राहू दिली.

कुलूप लावताना समोरच्या दारातून अंजनाबाईंनी डोकं बाहेर काढलं.

“सकाळीच कुठं वं? मंदिरात?”

“नाही, जरा काम आहे. उशीर झाला तर माझ्या तुळशीला दुपारी तांब्याभर पाणी घाला.”

“घालते नं. उपास आहे न आज? सांभाळून जा.”

बाई जिना उतरल्या. सव्वानऊ झाले होते. नाक्यावर ऑटोवाला पेपर वाचत बसला होता. त्याने वर पाहिलं.

“कहां जाना है, काकू?”

“सिव्हिल लाइन्स. कस्टमच्या ऑफिसात,” त्या म्हणाल्या, पाकीट मांडीवर आडवं धरलं, आणि पदर सावरून बसल्या.